पहाटेची पाळी कुणाची?

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक निर्णय काढला : पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याच्या दोनच महिने आधी तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायला हव्यात, असे जाहीरपणे सुचवले होते. निर्णयामागचा हेतू चांगला होता आणि लहान मुलांना त्याचा फायदाच झाला असेल. पण सकाळच्या शाळेबद्दल झोपेच्या शास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत जो पुरावा जमवला, तो मुख्यतः चौथीतल्या मुलांचा नाही, आठवी ते बारावीतल्या मुलांचा आहे. चौथीतले मूल रात्री नऊ-साडेनऊला पेंगायला लागते आणि सकाळी पुष्कळदा आपणहून उठते. नववीतल्या मुलाचे शरीर तसे वागत नाही. शिवाय या निर्णयाचा एक उलटा परिणाम संभवतो. ज्या शाळेची इमारत एक आणि पाळ्या दोन, तिथे लहानांना सकाळच्या पाळीतून काढले की ती पाळी भरायला मोठेच उरतात. नागपुरात अशा शाळा थोड्या नाहीत. किशोरवयीन मुलांना समजून घ्या, त्यांच्याशी बोला, त्यांच्यावर विश्वास टाका, असा सल्ला पालकांना सतत दिला जातो आणि तो खोटा नाही. पण ज्या मुलाची झोप रोज दोन-अडीच तास कमी पडते, त्याच्या बाबतीत या सल्ल्याला पायाच राहत नाही. त्याची चिडचिड, विसरभोळेपणा, अभ्यासातले दुर्लक्ष यांतला मोठा वाटा आपण आखलेल्या वेळापत्रकाचा असतो, आणि दोष मात्र त्याच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिला जातो.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७६पासून पुढची काही वर्षे मेरी कार्स्कडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची उन्हाळी झोप-शिबिरे घेतली. तीच मुले दरवर्षी येत आणि त्यांना रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले जाई. मुले मोठी होतील तशी त्यांची झोप कमी होत जाईल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. वयात आलेली मुलेही सव्वानऊ तासांच्या आसपास झोपत राहिली, आणि तेवढी झोपूनही दुपारी लहानांपेक्षा जास्त पेंगुळलेली आढळली. झोपेची गरज घटत नाही, पण तिची वेळ सरकते. अंधार पडल्यावर मेंदूतून पाझरणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. वयात येताना ही वर्दी उशिरा मिळू लागते. शिवाय दिवसभर जागे राहिल्याने झोपेचा जो दाब साठत जातो, तोही या वयात अधिक सावकाश साठतो. म्हणून दहा वाजता दिवा मालवून आडव्या झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला खरोखरच झोप लागत नाही. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ साली हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासून दाखवले, की हे उशिराकडे सरकणे साधारण विसाव्या वर्षापर्यंत चालू राहते आणि मग काटा पुन्हा मागे फिरू लागतो. मुलींमध्ये हे वळण मुलांच्या आधी, साडेएकोणीसच्या सुमारास येते. वयात आल्यावर मुलाचा आवाज फुटतो, त्याबद्दल आपण त्याला रागावत नाही. झोपेची वेळ सरकणे हा त्याच बदलांतला एक बदल आहे.

आता हे शरीर नागपूरच्या दिवसात बसवून पाहू. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला सूर्य उगवतो तो सातला सात-आठ मिनिटे कमी असताना. सकाळची पाळी सातच्या आसपास भरत असेल, तर मुलाला साडेपाचला उठावे लागते आणि सव्वासहाला व्हॅन किंवा ऑटोत बसावे लागते. म्हणजे घराबाहेर पडताना काळोख असतो आणि वर्ग सुरू होताना जेमतेम उजाडलेले असते. शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण पटते ती सकाळच्या उजेडाने, आणि नेमका तोच त्याला मिळत नाही. दुपारी परत आले की जेवण, थोडा वेळ, मग धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर किंवा नंदनवनातला क्लास. आठ-नऊला घरी, जेवण, शाळेचा गृहपाठ, क्लासचा गृहपाठ. अकरा-साडेअकराच्या आत अंथरुणाला पाठ लागत नाही. अकरावी-बारावीत नीट किंवा जेईईची तयारी असेल तर हा हिशोब आणखी बिघडतो, आणि कामठी, हिंगणा, उमरेडकडून रोज ये-जा करणाऱ्यांचा त्याहून. अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीने २०१६मध्ये तेरा ते अठरा वयासाठी आठ ते दहा तासांची झोप सांगितली आहे. वरच्या वेळापत्रकात ती सहा तासांवर येते. सोमवार ते शनिवार रोज दोन तासांची तूट धरली तरी आठवड्याला बारा तास होतात. रविवारी अकरापर्यंत लोळणाऱ्या मुलावर घरात जो आरडाओरडा होतो, तो याच तुटीवर होत असतो.

ती तूट रविवारी भरूनही निघत नाही. सिंगापूरमध्ये मायकेल ची यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५ ते १९ वयाच्या मुलांना सलग सात रात्री पाचच तास झोपू दिले. लक्ष, कामापुरती स्मृती आणि मनाचा उत्साह दिवसागणिक ढासळत गेले, आणि पुढच्या दोन रात्री नऊ-नऊ तास झोपूनही सगळे पूर्वपदावर आले नाही. हा देश आपल्यासारखाच परीक्षेने झपाटलेला आहे, म्हणून हा प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कार्स्कडन यांनीच १९९८मध्ये नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची शाळा ८:२५ऐवजी ७:२० वाजता भरू लागली होती. सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत आडवे होण्याची संधी मिळताच ती मुले काही मिनिटांत झोपी गेली, आणि जवळपास निम्मी मुले थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. निरोगी माणसाला त्या टप्प्यावर पोहोचायला साधारण दीड तास लागतो. थोडक्यात, त्यांचे शरीर बाकावर होते आणि मेंदूच्या लेखी अजून रात्र संपलेली नव्हती. आपल्याकडे पहिल्या दोन तासांना बहुधा गणित किंवा विज्ञान ठेवतात, कारण सकाळी डोके ताजे असते असा समज आहे. तो शिक्षकांच्या वयाला लागू पडतो.

अपुऱ्या झोपेचे नुकसान अभ्यासापुरते नसते. दिवसभरात शिकलेले पक्के होते ते बऱ्याच अंशी झोपेत, त्यामुळे जागून केलेला अभ्यास आपलाच पाया पोखरतो हे तर आहेच. पण घरातल्या भांडणांशी ज्याचा थेट संबंध आहे, ते वेगळे आहे. मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने २००७मध्ये तरुण, निरोगी माणसांना एक रात्र जागवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. त्रासदायक चित्रे पाहताना भीती-संतापाशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग झोपलेल्या माणसांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भडकला, आणि कपाळामागचा जो भाग त्याला आवर घालतो, त्याच्याशी असलेले त्याचे नाते सैल पडले. किशोरवयात हा आवर घालणारा भाग मुळातच अर्धवट घडलेला असतो; तो पुरता पक्का व्हायला पंचविशीच्या आसपासचे वय उजाडते. त्यावर रोजचे जागरण चढवल्यावर ‘जरा काही बोलायची सोय नाही’ असे मूल घरात दिसले, तर त्यात नवल नाही. खेळाडूंचेही तसेच. रेशीमबाग मैदानावर किंवा मानकापूरच्या क्रीडा संकुलात पहाटे सरावाला जाणाऱ्या मुलांच्या जिद्दीचे कौतुक व्हायलाच हवे; पण किशोर खेळाडूंच्या एका अमेरिकी अभ्यासात, २०१४ साली, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. पहाटे सराव असेल तर रात्रीचा क्लास सुटलाच पाहिजे. दोन्ही टोके एकाच मुलाच्या झोपेतून कापता येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाईलचा. मुले रात्री एकपर्यंत रील बघत पडतात, मग सकाळी उठवत नाही, यात शाळेचा काय दोष? आक्षेप निराधार नाही. २०२४च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी त्या आठवड्यात स्मार्टफोन समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे आढळले, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. शहरात चित्र याहून सौम्य असण्याचे कारण नाही. पडद्याचा उजेड मेलॅटोनिन आणखी मागे ढकलतो, आणि वयात येणाऱ्या मुलांचे शरीर संध्याकाळच्या उजेडाला अधिक संवेदनशील असते, असेही दिसून आले आहे. म्हणून फोन रात्री खोलीबाहेर हवा, यावर दुमत नाही. पण कार्स्कडन यांची शिबिरे झाली तेव्हा मोबाईल नव्हते. वयात येताना झोपेची वेळ सरकण्याचा प्रकार माकडांच्या आणि कृंतक प्राण्यांच्या काही जातींतही नोंदला गेला आहे. फोन हे जुन्या दुखण्यावरचे नवे ओझे आहे. तो काढून घेतला म्हणून नववीतले मूल नऊ वाजता झोपणार नाही. आणि आणखी एक गोष्ट पालकांनी मनाशी कबूल करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत ज्याच्या दिवसातला एकही तास त्याचा स्वतःचा नाही, ते मूल रात्री अकरानंतरचा तास आपला म्हणून घट्ट धरून ठेवते. फोन हातात नसता तर त्याने तो तास दुसऱ्या कशाने भरला असता.

दुसरा आक्षेप घरातल्या ज्येष्ठांचा असतो आणि तो आदराने ऐकावा असा आहे. आम्ही पहाटे चारला उठून पाठांतर केले, ब्राह्ममुहूर्तावर वाचलेले आजही आठवते, मग या पिढीलाच काय झाले? त्यांच्या आठवणी खऱ्याच आहेत. पण त्या पहाटेच्या आदली रात्र कशी होती, हेही पाहायला हवे. नऊच्या सुमारास घरात निजानीज होई, दिवे मंद असत, रात्री क्लास नसत, आणि कितीतरी मराठी शाळा अकरा ते पाच भरत. नऊला निजून चार-साडेचारला उठणाऱ्याची सात-साडेसात तास झोप होते, वर शाळेला अकरापर्यंत सवड. आज आपण त्या दिनक्रमातली पहाट तेवढी ठेवली आणि रात्र काढून घेतली. शिवाय माणसामाणसांत फरक असतो. काही मुलांचा पिंड जन्मतः पहाटेचा असतो; त्यांना पहाटे वाचू द्यावे. एका मुलाला जमते म्हणून त्याच्या भावंडाला आळशी ठरवणे, हे मात्र शास्त्राला आणि न्यायालाही धरून नाही.

तिसरा आक्षेप अधिक चिवट आहे : शाळा तासभर उशिरा भरवली तर मुले तासभर उशिरा झोपतील, हाती काय लागणार? हे करून पाहिलेले असल्यामुळे त्याचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एडायना गावाने १९९६मध्ये आपली शाळा ७:२०वरून ८:३०वर नेली, आणि पुढच्या वर्षी मिनीआपोलिस शहराने तसेच केले. सिएटलने २०१६मध्ये ७:५०ऐवजी ८:४५ ही वेळ केली, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रे बांधून झोप मोजली. ती सुमारे ३४ मिनिटांनी वाढली होती. पंचावन्न मिनिटांतली चौतीस खरोखर झोपेत गेली. तपासलेल्या दोन शाळांपैकी जिथे गरीब घरांतली मुले जास्त होती, तिथे हजेरीही सुधारली. दुसरीकडे सिंगापूरच्या नान्यांग मुलींच्या शाळेने त्याच वर्षी पाऊण तास उशिरा शाळा सुरू केली, तेव्हा महिनाभराने झोप २३ मिनिटांनी वाढलेली दिसली आणि नऊ महिन्यांनी तो फायदा १० मिनिटांवर आला होता. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे. अभ्यासाचा भार तसाच राहिला तर तो नवी मोकळीकही गिळत जातो. तरी त्या मुलींची दिवसाची पेंग आणि मनःस्थिती नऊ महिन्यांनंतरही आधीपेक्षा बरी होती. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४मध्येच मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको असे सांगितले होते, आणि कॅलिफोर्नियाने जुलै २०२२पासून तसा कायदाच लागू केला.

पण कॅलिफोर्निया म्हणजे नागपूर नव्हे, आणि खरी अडचण इथेच आहे. एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीसवर गेलेला असताना बाराला सुटणारी शाळा ही चैन नसून सुरक्षितता आहे. पत्र्याच्या छपराखाली दुपारी तीनला वर्ग भरवावा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र उन्हाळ्याचे कारण वर्षभर पुढे करता येत नाही. विदर्भाने आपल्या हवेनुसार वेळापत्रक बदलण्याचा मार्ग आधीच काढलेला आहे. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे त्या आठवडा-पंधरवडा उशिरा उघडतात. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. हीच लवचीकता हिवाळ्यातही वापरता येईल. दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत नागपूरच्या दुपारा सुखद असतात आणि पहाटा बोचऱ्या. या चार महिन्यांत आठवीपुढचे वर्ग साडेआठ-नऊला भरले तर उन्हाची हरकत उरत नाही. मार्चनंतर सकाळची शाळा खुशाल असावी; तेव्हा सूर्यही लवकर उगवतो, जूनमध्ये तर साडेपाचलाच. दोन पाळ्यांच्या शाळांत मात्र हे सोपे नाही, हे मान्य करावे लागेल. तिथे निदान पाचवी ते सातवी सकाळी आणि आठवी ते दहावी दुपारी, अशी अदलाबदल करून पाहता येईल, कारण पाचवी-सहावीतल्या बहुतेक मुलांचे घड्याळ अजून फारसे सरकलेले नसते. व्हॅनवाल्यांच्या फेऱ्या, शिक्षकांची सोय, नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची घाई, हे प्रश्न खरे आहेत. पण चौथीपर्यंतची वेळ बदलली तेव्हाही ते होतेच.

वेळापत्रक बदलेपर्यंत घराने हात बांधून बसावे असे नाही. रात्री साडेआठनंतरची शिकवणी नाकारण्याचा अधिकार पालकांच्या हातात आहे. फोन बाहेर ठेवायचा तो सगळ्यांचाच, कारण आई-वडील अंथरुणात पडदा बघत असताना मुलावर घातलेले बंधन टिकत नाही. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपू द्यावे, मग खिडकी उघडून उजेड आत घ्यावा. बारापर्यंतची झोप सोमवारची पहाट आणखी अवघड करते. दुपारी घरी आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी मिळाली तर तिला आळस म्हणू नये. आणि मुलाच्या वागण्याबद्दलचा गंभीर विषय सकाळी सहाला किंवा रात्री अकराला काढू नये. मात्र सगळेच झोपेवर ढकलूनही चालणार नाही. पुरेशी सवड असूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, मूल आवडत्या गोष्टींतून, मित्रांतून अंग काढून घेत असेल, जगण्याबद्दल निराशेने बोलत असेल, तर तो वयाचा भाग समजून थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, तिथे पालकही बोलू शकतात.

घराच्या प्रयत्नांना एका जागी मर्यादा पडते, ती जागा म्हणजे स्पर्धा. माझे मूल दहाला झोपले आणि शेजारचे एकपर्यंत घोकत बसले तर माझे मागे पडेल, ही भीती केवळ वेडगळ म्हणून झटकता येत नाही. २०२२मध्ये ‘एनसीईआरटी’ने पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांना चिंतेचे कारण म्हटले होते. पण या परीक्षांच्या वेळा तरी पाहा. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा पेपर अकराला सुरू होतो. नीट दुपारी दोनला. डोके लखलखीत हवे ते त्या वेळी, पहाटे पाचला नव्हे. तरीही एकट्या घराने यातून बाहेर पडणे कठीण असते, म्हणूनच सर्वांना सारखा लागू होणारा नियम हवा. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग वर्ग दिवसाला पाच तासांहून जास्त नसावेत, शाळेच्या वेळेत नसावेत, आठवड्याला एक सुट्टी असावी, आणि ते फार पहाटे किंवा फार रात्री भरू नयेत, असे म्हटले आहे. ‘फार पहाटे’ म्हणजे किती वाजता आणि ‘फार रात्री’ म्हणजे किती, हे मात्र घड्याळाच्या आकड्यात सांगितलेले नाही, आणि अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे. राज्याने तिथे सकाळी आठ आणि रात्री साडेआठ हे आकडे लिहावेत. मग लक्ष्मीनगरातल्या क्लासचालकालाही, दुसरा रात्री दहापर्यंत शिकवतो म्हणून आपणही शिकवावे लागते, असे म्हणण्याची पाळी येणार नाही.